तिसऱ्या खोक्यातला प्रश्न

६ जुलै

प्रिय मामा,

सा. न. वगैरे. पुढचं नीट वाच. तू पत्राची पहिली ओळ वाचतोस आणि बाकीचं अंदाजाने भरतोस, असं मामीचं म्हणणं आहे.

मला या वर्षी तिसरीचा वर्ग दिलाय. पोरं वाचतात झकास. एकाचं तर नावच आम्ही धडाधड ठेवलंय. बाकीच्यांची पानं उघडेपर्यंत याचा उतारा संपलेला असतो. पण काय वाचलं, ते मात्र विचारायचं नाही. काल पुस्तकातला कावळ्याचा धडा घेतला. विचारलं, "कावळा का रडला?" धडाधड उभा राहिला. "कारण कावळा रडला." मी म्हटलं, "ते कळलं, पण का?" तर म्हणतो, "बाई, तिथं तेवढंच लिहिलंय." घरटं वाऱ्याने पडलं, हे आधीच्याच ओळीत होतं बरं का. पण आधीची ओळ त्याच्यासाठी मागे पडलेलं स्टेशन. तिथे परत कोण जाणार?

आमच्या मोठ्या बाई सत्र संपताना स्वतः वर्गात येऊन पोरांनी कधीही न पाहिलेला उतारा देणार आहेत. त्यावर पोरं कावळ्यासारखी उत्तरं द्यायला लागली, तर मी पुढचं सत्र ग्रंथालयातल्या कपाटांची धूळ झटकत काढणार.

तर तुझ्याकडे काम आहे. चार माणसं जमली की तू गोष्ट सांगतोस आणि लोकांचा घास हातात राहतो. तुझ्या दुकानातलं काहीतरी लिहून पाठव. अर्धं पान पुरे. पुस्तकातल्या सद्गुणी प्राण्यांना पोरं विटली आहेत, आणि मी त्याहून जास्त.

आणि एक. मामीला फोन केला तर ती बहिणीकडे. म्हणाली, "आठ दिवसांसाठी आलेय." म्हटलं, "मागच्या महिन्यातही तिथेच होतीस." तर म्हणाली, "तेच आठ दिवस चालू आहेत." काय भानगड आहे? फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं "हां हां" करतोस. लिही.

तुझी भाची

१२ जुलै

चि. बाईसाहेबांस, अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा. मामीला कळव.

मी तुझ्या धडाधडच्या बाजूने आहे. मी चौथीत शाळा सोडली ती गरिबीमुळे, असं मी भाषणात सांगतो. खरं कारण वेगळंच आहे. परीक्षेत प्रश्न होता, "लेखकाला काय म्हणायचे आहे?" मी लिहिलं, "लेखकाला जे म्हणायचे ते त्याने म्हटले आहे, मला मध्ये घेऊ नये." मास्तरांनी मला वर्गाबाहेर घेतलं. बाहेर हवा चांगली होती, मी तिथेच राहिलो.

भानगड म्हणशील तर काही नाही. मे महिन्यात आपल्या खुर्च्यांच्या दुकानाचा वाढदिवस केला. मंडप, माईक, हार, सगळं. मी भाषण केलं. हातात काही नसताना एकट्याने हे कसं उभं केलं, ते सांगितलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुझी मामी पहिल्या रांगेत होती. घरी येताना गाडीत विचारलं, "कसं झालं भाषण?" म्हणाली, "छान." चार दिवसांनी बॅग भरली. विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही." तीनदा विचारलं, तीनदा "काही नाही". आता मी धंद्यात दिलेल्या शब्दावर चालणारा माणूस. काही नाही म्हणजे काही नाही. आणि माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. गिऱ्हाईक "बघतो" म्हणून पायऱ्या उतरलं की ते परत येणार की नाही, हे मला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळतं. मग घरात काही असतं, तर मला कळलं नसतं का?

ती यावी असं मला वाटतं, तुझ्यापासून काय लपवायचं. चहाचा डबा मी सोयीच्या जागी ठेवला आणि ती जागा कुठली ते विसरलो. तेव्हापासून टपरीवरचा चहा पितोय, त्यात चहा सोडून सगळं असतं. रात्री घर इतकं शांत असतं की फ्रीजशी बोलावंसं वाटतं. पण बोलवायचं तर कारण कळायला हवं. कारण न कळता बोलावलं, तर चूक माझी होती असं सिद्ध होईल, आणि मग ती कुठली ते मलाच विचारतील.

उतारा पाठवतोय. भाषणातलाच आहे, पोरांसाठी पातळ केलाय.

"एक तरुण सुतार होता. त्याच्याकडे एक करवत, एक रंधा आणि एक भाड्याची खोली होती. खोलीत पलंग आणि लाकूड दोन्ही मावेनात, म्हणून त्याने पलंग विकला. दिवसभर तो लाकूड कापी. रात्री सांधे जोडी आणि पॉलिश करी. त्याची बोटे इतकी जाड होती की शर्टाची गुंडी लावतानाही त्याला घाम फुटे. पण हिंमत मोठी होती. त्याच्या खुर्च्यांची बैठक वेताची असे. वेत इतका बारीक आणि घट्ट विणलेला असे की लठ्ठ माणूस बसून उठला तरी झोळ पडत नसे. लोक लांबून त्या खुर्च्या घ्यायला येत. घरमालक फार चांगला होता. भुशाबद्दल तो कधी बोलला नाही. बाकी सुताराला कोणाचीही मदत नव्हती. एकट्याच्या जोरावर त्याने मोठे दुकान उभे केले."

प्रश्न: १. सुतार किती कष्टाळू होता? २. त्याच्या हिमतीबद्दल तुम्हाला काय वाटते? ३. यातून कोणता बोध मिळतो?

तुझा मामा

२३ जुलै

प्रिय मामा,

उतारा छान आहे. प्रश्न मी केराच्या टोपलीत टाकले. ते प्रश्न नाहीत रे, टाळ्यांसाठी घेतलेले श्वास आहेत.

माझी पद्धत सांगते. मी चपलांच्या दुकानातून तीन रिकामी खोकी आणली आणि टेबलावर मांडली. पहिल्यावर लिहिलं, "उताऱ्यात दिलं आहे." दुसऱ्यावर, "उताऱ्यात आहे, पण शोधावं लागतं." तिसऱ्यावर, "उताऱ्यात दिलेलं नाही." प्रश्न पोरांनीच काढायचे, चिठ्ठीवर लिहायचे आणि योग्य त्या खोक्यात टाकायचे. चुकीच्या खोक्यात टाकला तर वर्गाने भांडून बाहेर काढायचा. भांडणासाठी पोरं काहीही करतात, वाचतातसुद्धा.

पहिलं खोकं लगेच भरलं. सुताराकडे काय काय होतं, त्याने काय विकलं, वगैरे. दुसऱ्यात चार चांगल्या चिठ्ठ्या पडल्या. "सुतार गरीब होता हे कशावरून?" ही धडाधडची. त्याने स्वतः काढली, मी चाट पडले.

आता तिसरं. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे चौकशी म्हणतात. कारण ती शाळेच्या शिपायालाही विचारते की घंटा वाजवायच्या आधी तुम्हाला कोण सांगतं. तिने चिठ्ठी टाकली, "वेत कोण विणायचं?"

धडाधड म्हणाला, "सुतारच की. कोणाची मदत नव्हती असं लिहिलंय."

चौकशी म्हणाली, "कधी विणणार? दिवसा कापतो, रात्री जोडतो आणि पॉलिश करतो."

"जेवायच्या सुट्टीत."

"आणि बोटं? गुंडी लावता येत नाही त्याला. वेत बारीक होता म्हणे. बाई, या दोन ओळी एकमेकींशी भांडतायत."

मामा, मी पोरांना हेच शिकवायला महिनाभर घसा फोडतेय, की ओळी एकमेकींशी बोलतात, ते ऐका. त्या भांडतात हे तिने स्वतःच ऐकलं. पूर्ण वर्गाने उतारा पुन्हा वाचला. धडाधडने पहिल्यांदा सावकाश वाचला, शब्दावर बोट ठेवून, जणू कोणाला तरी पकडायचं आहे.

उत्तर मला ठाऊक आहे. आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी बाई आहे, सांगायला मला बंदी. लेखकाला विचारायचं असं वर्गाने ठरवलंय. तेव्हा लेखक महाशय, वेत कोण विणायचं?

भाची

३० जुलै

चि. बाईसाहेबांस,

ही चौकशी कोणाची पोरगी? वडील पोलिसात आहेत का?

गोष्टीत सगळं सांगायचं नसतं, एवढं तरी शाळेत शिकवत जा. सुतार दात कधी घासायचा तेही मी लिहिलेलं नाही. उद्या त्याचीही चिठ्ठी येईल.

तरी मुलांचं मन मोडू नये म्हणून उताऱ्यात दुरुस्ती करतोय. "पॉलिश करी" याच्यानंतर हे घाल:

"वेत विणण्यासाठी सुताराने एक माणूस ठेवला होता. तो कष्टाळू आणि अबोल होता."

झालं. आता वेताचा विषय बंद.

मेहुणीकडे फोन केला होता. साडूने उचलला. म्हटलं, "ही काय करतेय?" म्हणाला, "वाचत बसलीय." म्हटलं, "काही म्हणाली?" म्हणाला, "काही नाही." म्हणजे तिकडेही तेच. "बोलावू का तिला फोनवर?" असं त्यानेच मला विचारलं, आणि मी म्हटलं, "नको, कामात असेल." का म्हटलं कोण जाणे. वाचत बसलेलं माणूस कसल्या कामात असतं?

चहाचा डबा अजून सापडलेला नाही.

मामा

७ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझा ठेवलेला माणूस वर्गात पाच मिनिटंही टिकला नाही.

पहिली चिठ्ठी धडाधडची. "पलंग विकला इतका गरीब होता, तर माणसाला पगार कुठून दिला?" त्याच्यामागून दुसरी, "खोलीत पलंग मावत नव्हता, मग माणूस कुठे मावला?" मग एकाने हात वर केला आणि म्हणाला, "बाई, तो माणूस खोटा आहे. तो काही खात नाही, काही बोलत नाही आणि गोष्ट संपल्यावर कुठे जातो ते लिहिलेलं नाही. खरा माणूस कुठेतरी जातो."

चौकशी तोवर उतारा पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, "माणूस ठेवलेला नव्हता. घरातलंच कोणीतरी होतं. घरातल्यांना पगार देत नाहीत आणि त्यांना जागा पण कमी लागते."

तिच्या घरी आई शिवणकाम करते. दुकानाच्या पाटीवर वडिलांचं नाव आहे. हे मी तुला सांगतेय, तिने वर्गात सांगितलं नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. फळ्यावर दुसरा उतारा लिहिला, नावगाव न घालता. एक माणूस भाषण करतो. बायको पहिल्या रांगेत बसलेली आहे. घरी जाताना तो विचारतो, "कसं झालं?" ती म्हणते, "छान." चार दिवसांनी ती बॅग भरते. तो विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही." प्रश्न: तिला काय झालं?

धडाधड उठला. जुना धडाधड असता तर म्हणाला असता, "काही नाही, कारण तिथं तसं लिहिलंय." पण तो थांबला. फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, काही झालं नाही तर बॅग कशाला भरली?"

आठ वर्षांचा आहे, मामा. महिन्यापूर्वी त्याला कावळा का रडला ते कळत नव्हतं.

शेवटी सगळ्या वर्गाने मिळून उत्तर लिहिलं, ते उतरवून देते: "भाषणात काहीतरी राहिले असेल. तिने वाट पाहिली असेल की घरी जाताना तरी त्याला आठवेल."

हा प्रश्न कुठल्या खोक्यात टाकायचा यावर मतदान झालं. दुसऱ्या.

तुझे कान तिखट आहेत हे मला मान्य आहे. पण दुकानात तू गिऱ्हाइकाच्या चपला ऐकतोस. घरी आलास की स्वतःच्याच वाजतात.

रागावलास तरी लिही.

भाची

१४ ऑगस्ट

चि. भाचीस,

पत्र मिळालं. कामाची गर्दी आहे. मुलांचा अभ्यास घे.

मामा

२ सप्टेंबर

चि. बाईस, अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. चांगला पंधरा दिवस. तुला खरमरीत पत्रंही लिहिली, पण प्रत्येक वेळी "मी एकट्याने" इथपर्यंत आलो की ती चौकशी समोर उभी राहायची. कशी दिसते मला माहीत नाही, तरी उभी राहायची.

आपल्या दुकानात दर्शनी काचेच्या कपाटात एक खुर्ची आहे. खाली पाटी आहे, "आमची पहिली खुर्ची". परवा पॉलिशवाल्याने ती पुसायला बाहेर काढली आणि उलटी केली. बैठकीच्या खालच्या बाजूला वेताची टोकं बांधून आत दडवलेली असतात. तो म्हणाला, "शेठ, या गाठी कोणाच्या? आपल्याकडे असं कोणी बांधत नाही. एक टोक वर आलेलं नाही इतक्या वर्षांत."

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं. आणि बाहेर काय पडलं असेल?

"काही नाही."

तो हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाला, "बरं. मग सांगा काय ते."

पॉलिशवाला, बरं का. ज्याला मी आजवर फक्त "दुसरा हात मार" एवढंच बोललेलो आहे. त्याला एका फटक्यात कळलं. तुझ्या धडाधडला कळलं. मी त्या उलट्या खुर्चीकडे बघत बसलो, गिऱ्हाईक आलं आणि गेलं, त्याच्या चपलाही ऐकल्या नाहीत.

उतारा पुन्हा लिहिलाय. आधी वर्गात वाच. मामीला दाखवू नकोस, अजून ओला आहे. प्रश्न मी काढणार नाही. माझे प्रश्न कसे असतात ते कळलं.

"एक तरुण सुतार होता आणि त्याची बायको होती. त्यांच्याकडे एक करवत, एक रंधा आणि एक भाड्याची खोली होती. खोलीत पलंग आणि लाकूड दोन्ही मावेनात. पलंग तिने माहेरून आणला होता. तीच म्हणाली, विकून टाका. मग दोघे फळ्यांवर झोपू लागले. ज्या फळ्यांवर आज झोपत, त्यांची उद्या खुर्ची होई, म्हणून ती रोज सकाळी म्हणे, 'चला, अंथरूण विकायला काढा.'

"सुतार लाकूड कापी, सांधे जोडी, पॉलिश करी. वेत ती विणी. वेत आधी भिजवावा लागतो. घरात बादली एकच होती. त्यामुळे पहिली अंघोळ वेताची होई, मग सुताराची. ओल्या वेताने तिची बोटे चिरत. जेवताना मीठ झोंबे. म्हणून ती चमच्याने जेवू लागली आणि म्हणाली, 'बघा, मी साहेब झाले.' सुतार हसला. त्याने बोटे पाहिली नाहीत.

"तिच्या विणीमुळे खुर्च्या प्रसिद्ध झाल्या. दुकान मोठे झाले. कारागीर आले. तिने विणणे थांबवले. पुढे दुकानाचा वाढदिवस झाला. सुताराने भाषण केले. भाषणात करवत होती, रंधा होता, खोली होती, घरमालकसुद्धा होता. ती नव्हती. ती समोर पहिल्या रांगेत बसली होती. बसायला वेताची खुर्ची होती."

एवढंच. पुढचं मला लिहिता आलं नाही.

मामा

१० सप्टेंबर

प्रिय मामा,

उतारा मी वाचला नाही, धडाधडला वाचायला दिला. एवढा वेळ घेतला त्याने की मधली सुट्टी झाली. कोणी उठलं नाही. "त्याने बोटे पाहिली नाहीत" इथे तो थांबला आणि ती ओळ परत वाचली. कोणी सांगितलं नव्हतं.

मग भांडणं झाली, नेहमीची. सुतार वाईट आहे की नुसता विसराळू? एक जण म्हणाला, वाईट असता तर त्याने ही गोष्ट लिहिलीच नसती. चौकशी म्हणाली, "विसराळू पण नाही. त्याला चमचा आठवतोय." वर्गाने ते मान्य केलं. आणि अंथरूण विकायला काढायचा विनोद सगळ्यांना इतका आवडला, की आता रोज बाकं लावताना तेच ओरडतात. मोठ्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, वाचन. त्या मागे उभ्या राहिल्या, अर्धा तास ऐकलं. जाताना खोकी मोजून, उचलून, आत वाकून बघितली. मला वाटतं मी ग्रंथालयातून वाचले.

तिसऱ्या खोक्यात या वेळी एकच चिठ्ठी होती. "ती परत आली का?"

आता कबुली. तू दाखवू नकोस म्हणाला होतास. मी उतारा मामीला पाठवला. सोबत पाच प्रश्न लावले, पोरांनी काढलेले, आणि लिहिलं की तू माझी विद्यार्थिनी आहेस असं समजून सोडव. माफी मागत नाही. सांगितलेलं न ऐकणं आपल्या घरातूनच माझ्याकडे आलंय.

भाची

१९ सप्टेंबर

चि. बाई,

तुझा पेपर मिळाला. पेपर सोडवून किती वर्षं झाली ते विचारू नकोस. अक्षर वाईट आहे, त्याचे गुण कापू नयेत, कारण टेबल हलतंय. सुताराच्या घरातलं टेबल नेहमी हलतं. गिऱ्हाइकांची नीट करून झाली की मग घरचं करणार, हे मी लग्नापासून ऐकतेय.

प्र. १. दोघे कशावर झोपत?
उ. फळ्यांवर. पण चांगल्या फळीवर ते झोपत आणि गाठीच्या फळीवर मी. हे उताऱ्यात दिलेलं नाही. लेखकाच्या पाठीला कधी गाठ टोचलीच नाही, त्याला कसं ठाऊक असणार?

प्र. २. पहिली अंघोळ कोणाची होई?
उ. वेताची. हे खरं आहे. वेताच्या पाण्याला हिरवा वास येई, तो यांच्या अंगाला येई, आणि लोक म्हणत सुतार कुठलं अत्तर लावतो. तो वास मला आवडायचा. हे मी यांना कधी सांगितलं नव्हतं, आता तूही सांगू नकोस.

प्र. ३. ती चमच्याने का जेवे?
उ. बोटं चिरत म्हणून. चमचा शेजारणीचा होता. परत द्यायचा राहिला. ज्यांचे आभार मानायचे, ती सगळी माणसं मी तरी कुठे लक्षात ठेवली?

प्र. ४. सुताराने पुढे काय करावे, असे तुम्हाला वाटते?
उ. मला वाटत होतं की त्याने पुन्हा मंडप घालून पुन्हा भाषण करावं, आणि मी पहिल्या रांगेत बसून जांभई द्यावी. तसं काही झालं नाही. मी तुझा पेपर हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात बहिणीच्या दारात हे उभे. काखेत कपाटातली ती खुर्ची. गाडीत तिच्यासाठी वेगळी जागा घेतली होती म्हणे. म्हणाले, "झोळ पडलाय, बघतेस का?" मी हात फिरवून पाहिला. कुठेही झोळ नव्हता. तसं सांगितलं. तर म्हणाले, "मला ठाऊक आहे." मग माझ्या हाताकडे बघत बसले. बोटं आता बरी आहेत माझी, कधीचीच. तरी बघत बसले. बहिणीने चहा आणला तो गार झाला.

इथे लिहिताना मी थोडं थांबले होते. चहाचा डबा शोधत होते. पॉलिशच्या डब्यांच्या रांगेत सापडला, डब्यावर यांनी खडूने "चहा" असं लिहून ठेवलंय आणि तोंड भिंतीकडे.

आत्ता हे दारातून विचारत होते, "काय लिहितेस?" मी म्हटलं, "काही नाही." एरवी बरं म्हणून गेले असते. आज आत आले, स्टूल ओढलं आणि समोर बसलेत. अजून बसलेत.

प्र. ५. वेत कोण विणायचं?
उ. उताऱ्यात दिलं आहे.

यांना आलेल्या पत्रातली तुझ्या तिसऱ्या खोक्यातली चिठ्ठी पण वाचली, "ती परत आली का?" तुमचा वर्ग चुकला. ती दुसऱ्या खोक्यात टाका.

तुझी मामी